सायरनबाई आणि मागचा पंख

सायरनबाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि जाहीर केलं, "मी हळू नाही. गाडी हळू आहे."

हरलेला प्रत्येक ड्रायव्हर असंच म्हणतो, हे खरं. पण सायरनबाई उगाच तोंडाची वाफ दवडणाऱ्यांतल्या नव्हत्या. अख्खी नोकरी त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स चालवण्यात काढली होती. मागे पेशंट आडवा, पुढे ट्रॅफिक उभं, आणि दोघांनाही न दुखवता वाट काढायची. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, पण हात गप्प बसेनात. म्हणून मुलाने धूळ खात पडलेलं गेमचं स्टिअरिंग जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर घट्ट बसवून दिलं, पेडल खाली ठेवले आणि म्हणाला, आईचा वेळ जाईल. आईचा वेळ गेलाच, मुलाचा टीव्हीही गेला. बघता बघता बाई ऑनलाइन लीगमधल्या एका टीममध्ये जाऊन बसल्या. तिथे नाव विचारलं तेव्हा त्यांनी बेधडक 'सायरन' टाकून दिलं.

आता तीच जागा जायची वेळ आली होती. टीमचा कप्तान पेशाने दातांचा डॉक्टर. बोलायला गोड, कामात निर्दय. त्याने आज सरावाआधीच सांगून टाकलं होतं, "ताई, टीममध्ये गाड्या दोन. एक माझी. दुसरीसाठी तुम्ही आहात आणि तो नवा मुलगा, तुफान. उद्या तो पाहुणा म्हणून उतरतोय. तुमच्यातला जो पुढे येईल, पुढच्या मोसमात सीट त्याची. दुखणार नाही, बघा."

शर्यत होती गेममधल्या सगळ्यात वेगवान सर्किटवर. तिथे नुसती पळापळ. शेवटी एक लांबलचक डावं वळण, आणि त्यातून बाहेर पडलं की नजर पोचणार नाही एवढा सरळ रस्ता. आजच्या सरावात तुफान त्या सरळ रस्त्यावर त्यांच्या शेजारून असा निघून गेला, जणू बाई स्टॉपवर उभ्या होत्या.

पण बाईंनी डोळे उघडे ठेवले होते. त्यांनी सुनेला हाक मारली. गाडीचं ट्यूनिंग सुनेकडे असे. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलायची, आणि गाडीलाही तशीच हाताळायची. एक खिट्टी बदलायची, एक फेरी मारायला लावायची आणि विचारायची, "हे बरं, की आधीचं बरं?" किती बरं, का बरं, हे कधी विचारायची नाही.

"अगं, बघ," सायरनबाई म्हणाल्या. "वळणात मी त्या पोराच्या बंपरला चिकटलेली असते. सरळ रस्ता आला की तो पसार. सरळ रस्त्यावर काय कौशल्य लागतं? पाय दाबून बसायचं. तो काय माझ्यापेक्षा जोरात दाबतो? मागचा पंख किती लावलायस तू?"

मागचा पंख जास्त उभा केला की तो गाडीला रस्त्यावर दाबून धरतो, वळणात गरकन फिरू देत नाही. पण तोच पंख सरळ रस्त्यावर वारा अडवतो. हे दोघींनाही पाठ होतं.

"थोडा जास्त आहे," सून म्हणाली. "तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी म्हणजे?"

"गाडी फिरू नये म्हणून. दुकानात वयस्कर गिऱ्हाइकाला पूर्ण नंबर एकदम देत नाही आम्ही. थोडा कमीच ठेवतो. चक्कर येत नाही मग."

सायरनबाईंना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. आमच्या घरात सासू-सुनेचं कधी वाजलं नाही, असं त्या चारचौघांत मिरवत. आता त्यांना कळलं की वाजलं नाही, कारण ही पोरगी पहिल्या दिवसापासून हातचं राखून वागत आली. भाजीत मीठ जास्त झालं तरी "छान झालीय, आई". पडद्याचा रंग आवडला नाही तरी "तुम्ही म्हणाल तसं". आणि मोसमभर पाठीवर पंखाचं ओझं, तेही आदराने.

"चक्कर आली तर माझी मी बघीन," त्या म्हणाल्या. "पूर्ण नंबर दे."

सुनेने पंख आडवा केला. पहिल्याच फेरीत त्या लांब डाव्या वळणात गाडीचं ढुंगण सुटलं, गाडी गरकन फिरली आणि भिंतीवर जाऊन आपटली. दुसऱ्या फेरीत तेच. सुनेचा हात लगेच पंखाकडे गेला.

"हात काढ!" सायरनबाई ओरडल्या. "पंखाला शिवायचं नाही. दुसरं काय आहे तुझ्याकडे?"

सुनेने ओठ चावला आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून नीट बसली. मागचा पंख कमी केला, मग पुढचाही कमी नको का, नाहीतर नाक रस्त्यात रुतणार आणि शेपूट मोकळी. पुढचा कमी झाला. मागच्या दोन चाकांना जोडणारा कडक बार मऊ झाला. "हे बरं, की आधीचं बरं?" "हे." सरळ रस्त्याच्या टोकाला इंजिन किंचाळायला लागलं. सायरनबाई म्हणाल्या, "गिअर संपतोय, रस्ता संपत नाहीय." गिअर लांब झाले. ब्रेकचा जोर थोडा पुढच्या चाकांकडे गेला. गाडी अजून थरथरत होती, पण फिरत नव्हती. मुलगा दोनदा दारात येऊन जेवणाचं विचारून गेला. दोघींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्यत लागली. सायरनबाई गर्दीत शांत असत, हा त्यांचा जुना धंदा. सुरुवातीच्या धक्काबुक्कीत चार जण एकमेकांवर चढले. बाई त्यांच्यामधून अशा निघाल्या की कुणाला खरचटलं नाही. पुढे तुफान दिसत होता. कानात कप्तानाचा आवाज आला, "ताई, जपून हं."

"मोसमभर जपलंय," सायरनबाई म्हणाल्या आणि माइक बंद केला.

आता सरळ रस्त्यावर तुफान लांब जाईना. उलट दर फेरीला तो थोडा मोठा दिसायला लागला. लांब डाव्या वळणात मात्र बाईंची गाडी अंगात आल्यासारखी थरथरे. स्टिअरिंग हातात उड्या मारे, आणि लोखंडी स्टँड खडखड वाजे. शेवटच्या फेरीत त्या वळणात तुफान जरा बाहेर फेकला गेला. बाई आतून चिकटल्या, बाहेर पडल्या आणि पाय जमिनीपर्यंत दाबला. गाड्या शेजारी-शेजारी आल्या. मग तुफान आरशात गेला, आणि शर्यत संपेपर्यंत तिथेच राहिला.

"सीट तुमची, ताई!" कप्तान ओरडला. "आणि हे सेटअप कुणाचं आहे?"

"घरचं आहे," सायरनबाई म्हणाल्या.

मुलगा धावत आला, टाळ्या काय, शिट्ट्या काय. सून मात्र स्क्रीनसमोरून हलली नाही. शर्यतीच्या आलेखावर तिने बोट ठेवलं होतं.

"आई, एक बोलू?"

"बोल की."

"या डाव्या वळणात तुम्ही पेडलवरून पाय उचललाय. शेवटच्या फेरीआधी तीन वेळा. गाडी धरत होती. आधीच गेला असता तो मागे." तिने थेट बाईंच्या डोळ्यांत बघून विचारलं, "घाबरलात का?"

मुलाची शिट्टी ओठांवरच राहिली. या बाईला असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, ना हॉस्पिटलात, ना घरात. सायरनबाईंनी बोटं स्टिअरिंगवरून सोडवली.

"हो," त्या म्हणाल्या. "घाबरले."

"पुढच्या वेळी उचलू नका."

सायरनबाईंना इतका आनंद झाला की तो लपवायलाही त्यांना सुचलं नाही. "मला चूक दाखवायला एवढी वर्षं लावलीस, बये," त्या म्हणाल्या, आणि मुलाला म्हणाल्या, "बाजूला हो रे, उजेड अडवू नकोस. हं, दाखव. कुठे कुठे उचलला?"