रादोयकोकाकांचं मरणपत्रक

ओग्न्येनच्या भयपटात सगळं होतं, फक्त भय नव्हतं. गायब झालेल्या मंडळींचा कॅमेरा जुन्या पाणचक्कीत सापडतो आणि त्यात वाम्पिर, म्हणजे रक्त पिणारं भूत झालेला चक्कीवाला दिसतो, अशी गोष्ट. म्हणजे कॅमेरा हलला तरी कला, आणि काहीच दिसलं नाही तर महान कला. पण नटांचे घाबरलेले चेहरे बघून त्यांची दाढ दुखतेय असंच वाटे. एक तरी खरा घाबरलेला चेहरा मिळाला नाही, तर हा सिनेमा कुत्रंही बघणार नव्हतं.

वाम्पिर झाले होते त्याचे रादोयकोकाका. चक्की त्यांची, सुळेही त्यांचेच. गावात कोणी गेलं की काळ्या चौकटीतलं, फोटोसकट पत्रक खांबाखांबावर चिकटवतात. आमच्या दिग्दर्शक ओग्न्येनला वास्तववादाची भारी हौस. त्याने सिनेमातल्या चक्कीवाल्याच्या पत्रकावर काकांचा फोटो छापला आणि नावही काकांचंच. शूटिंग उरकलं, पत्रकं काढायची राहून गेली.

सकाळी शेजारची स्तानोयका दुखवट्याची कॉफी, साखर आणि राकिया दारूची बाटली घेऊन रडत आली. दार काकांनी उघडलं. तिची किंकाळी टेकडीपलीकडे ऐकू गेली. कॅमेरा तेव्हा चार्जिंगला होता.

"मेल्या, मी व्हिएन्नाला नेबोयशाला फोन करून बसले," ती ओग्न्येनवर उखडली. "बापाच्या मातीला ये म्हणाले."

ओग्न्येनने फोन काढला. "मी सांगतो त्याला खरं काय ते."

"ठेव तो खिशात," काका बाटली घेत म्हणाले. "जिवंतपणी बोलावून थकलो. मेल्यावर तरी पोरगा येतो का बघू."

दुसऱ्या दिवशी काका दाढी करून, कोट घालून थांब्यावर बसले. ओग्न्येन कॅमेरा रोखून समोर उभा. बापाला बघून घाबरलेला नेबोयशाचा चेहरा टिपायचा, या विचाराची ओग्न्येनला लाज वाटत होती. कॅमेरा बंद करण्याइतकी मात्र नाही.

बस आली. एकटा ड्रायव्हर उतरला, हातात पुष्पचक्र.

"रादोयकोंच्या घरी द्यायचंय. मुलाने पाठवलंय. सुट्टी मिळत नाही म्हणे."

मग त्याने खांबावरचा फोटो पाहिला, खाली बसलेला माणूस पाहिला, चक्र काकांच्या मांडीवर टाकलं आणि छातीवर क्रूस काढत बसकडे पळाला. अस्सल घाबरलेला चेहरा होता. पण कॅमेरा काकांवर होता आणि ओग्न्येनला तो वळवता आला नाही.

काकांनी चक्राच्या फितीवरचं 'लाडक्या बाबांना' वाचलं. एक फूल चिमटीत धरून पाहिलं.

"प्लास्टिकची आहेत," ते म्हणाले. "बरं झालं. तो येईपर्यंत टिकतील."