चुलीशेजारचा कॉम्प्युटर

मित्रांनो, नाक मुरडू नका. कोपऱ्यातला तो पिवळट पत्र्याचा खोका, ज्याच्या डोक्यावर भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी ठेवली आहे, तोच मी. मी एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे. लोक मला मठ्ठ म्हणायचे, डबडं म्हणायचे. स्तामेन आजोबा तर रागावले की मला 'म्हातारं गाढव' म्हणायचे आणि मग स्वतःच हसायचे. आता मला कुणी काहीच म्हणत नाही. म्हणून म्हटलं, आपली हकिगत आपणच सांगावी.

माझा जन्म व्रात्सा शहरातल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. एका यंत्राचा पंखा, दुसऱ्याची मेमरी, तिसऱ्याची डिस्क असं गोळा करून दुकानदाराने मला उभं केलं. नवा कोरा असा मी कधी नव्हतोच. तरी पहिल्यांदा बटण दाबलं तसा मी झटक्यात जागा झालो, आणि समोर उभी असलेली बाई म्हणाली, "हाच द्या." ती कालिना. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती काम करायची. गावात फारशी मुलंच उरली नाहीत, तेव्हा शाळा बंद झाली आणि चुलीही विझल्या. मग गावातल्या इतर बायका गेल्या तशी तीही इटलीला निघाली, अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीची सेवा करायला. मागे राहणार होते तिचे वडील, म्हणजे स्तामेन आजोबा, आणि तिची मुलगी नेवेना. नेवेनाचा बाप फार पूर्वीच घर सोडून गेला होता.

"दर रविवारी मी ह्या काचेत येऊन बसेन," कालिना लेकीला म्हणाली. "तू फक्त समोर बस."

ह्या एकाच कामासाठी मला त्या घरात आणलं, आणि सुरुवातीला माझं कौतुक काय विचारता! शेजारच्या गेनाकाकू माझ्यासमोर बसण्याआधी केस विंचरून यायच्या. आजोबांची सारी हयात ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेली होती, पण मला हात लावताना ते हात धुऊन यायचे. त्यांनी पेटीतून आपल्या बायकोने विणलेला लेसचा रुमाल काढला आणि माझ्या अंगावर घातला. हिवाळ्यात घरात एकच खोली ऊबदार असायची, म्हणून मला त्याच खोलीत, लोखंडी चुलीशेजारी मानाची जागा दिली. प्रेमाने केलं हो सगळं. पण त्या रुमालाने माझा श्वास कोंडला आणि चुलीची राख हळूहळू माझ्या छातीत जाऊन बसली, हे त्यांना कोण सांगणार?

दर रविवारी दुपारी कालिना यायची. नेवेना तिला वही दाखवायची, पडलेला दात दाखवायची, कोंबडीसुद्धा उचलून दाखवायची. आणि दर वर्षी मार्च उजाडायच्या आधी नेवेना लाल-पांढरा धागा वळून इटलीला जाणाऱ्या मिनीबसवाल्याच्या हाती आईला पाठवायची. मार्चच्या पहिल्या दिवशी तो मनगटात बांधायचा आणि करकोचा दिसला की बहरलेल्या झाडाला बांधून टाकायचा, अशी आमच्याकडची रीत. दोघींची मनगटं काचेसमोर आली की दोन्ही धागे मला एकदम दिसायचे.

वर्षं गेली आणि मी थकलो. जागं व्हायलाच मला इतका वेळ लागायचा की आजोबांची कॉफी उकळून, पिऊन, कप विसळून व्हायचा. त्यात माझा एकट्याचा दोष नव्हता. नेवेनाने हौसेने भरलेले खेळ, हवामान सांगणारं एक आगंतुक, विषाणू पकडणारे दोन पहारेकरी, सगळे मी डोळे उघडताच एकदम उठून बसायचे. ते दोन पहारेकरी तर दिवसभर एकमेकांचीच झडती घ्यायचे. डिस्क गळ्यापर्यंत भरली होती. पंखा राखेने माखला होता. कालिनाचं चित्र यायचं ते तुटत तुटत. आधी कपाळ, मग हनुवटी, आणि मध्ये नुसते चौकोन.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत कालिना बदलली. खिडकीकडे पाठ करून बसू लागली. डोक्याला रुमाल असायचा. बोलणं लवकर आवरायची. नेवेना म्हणायची, आई, तू नीट दिसत नाहीस. त्यावर कालिनाचं एकच उत्तर, तुमचा कॉम्प्युटरच जुना झालाय गं, राहू दे, आवाज येतोय ना? नाताळला यायचं म्हणाली होती, ती आली नाही. ईस्टरला बघू म्हणाली.

गेनाकाकूंची जीभ कुठे गप्प राहते! लसूण सोलता सोलता त्या आजोबांना म्हणाल्या, "स्तामेनभाऊ, एक सांगू? बाई तोंड लपवते ती उगाच नाही. तिकडे कुणीतरी भेटला असेल. माझ्या भाचीचंही असंच झालं."

नेवेना चुलीत लाकूड सारत होती. तिने ऐकलं. मान वर केली नाही, पण लाकूड हातात तसंच राहिलं. त्या दिवसापासून पोरीच्या मनाने एकच घेतलं. आईचा चेहरा स्पष्ट बघायचा. ती आपल्याला विसरली की नाही, ते चेहऱ्यावरून कळेल. तिने आजोबांच्या मागे टुमणं लावलं, कॉम्प्युटर उघडा, साफ करा, शेजारच्या गावच्या माझ्या शाळेतल्या बाई सांगतात, तो वेगात चालेल. आजोबा म्हणायचे, चालतंय ना? मग चालू दे. बघू नंतर. असं करत सगळा हिवाळा सरला.

मार्चचा धागा पाठवून झाला आणि नेवेना हट्टालाच पेटली. शेवटी आजोबांनी माझ्या अंगावरचा रुमाल काढला, चार स्क्रू सोडवले आणि आत बघून कपाळाला हात लावला. "अरे देवा," ते म्हणाले, "ट्रॅक्टरची अशी दशा केली असती तर मला कामावरून हाकललं असतं." मग त्यांनी मला अंगणात नेऊन मऊ ब्रशाने झाडलं. माझा पंखा बोटाने धरून ठेवला आणि हवेच्या पंपाने फुंकर मारली. राखेचा असा लोट उठला की कोंबड्या पळाल्या. नेवेनाने आगंतुकांना उठायची बंदी केली, दोनातला एक पहारेकरी हाकलला, खेळ पुसले. बाईंनी एका मोडक्या यंत्रातली मेमरीची पट्टी दिली आणि जिच्यात काही फिरतच नाही अशी नवी डिस्कही दिली. फोटो जपून तिच्यावर उतरवले. आणि मला चुलीपासून लांब, खिडकीशी ठेवलं. बटण दाबलं मात्र, मी जन्माच्या दिवशी उठलो होतो त्याहूनही लवकर उठलो. आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू?

आईला सांगायचं नाही, असं नेवेनाने ठरवलं. गंमत करायची होती तिला.

रविवार आला. कालिना आली. मी तिला पूर्ण दाखवलं. एकही चौकोन नाही. रुमालाखाली केस नव्हते. भुवयाही नव्हत्या. गाल आत गेले होते आणि कातडीचा रंग मेणासारखा झाला होता. तिला वाटलं, नेहमीसारखंच काही दिसत नसणार. ती आवाजात हसू आणून म्हणाली, "तुझा धागा पोचला बरं का. बघ, कसा घट्ट बांधलाय." आणि तिने हात वर केला. लाल-पांढरा धागा मनगटावरून सुटला आणि घसरत थेट कोपरापर्यंत गेला.

"दिसतंय का गं?" कालिनाने विचारलं.

नेवेनाच्या मागे आजोबा उभे होते. त्यांनी खुर्चीची पाठ पकडली. नेवेना काचेकडे बघत होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण आवाज तिने हलू दिला नाही.

"नाही गं आई," ती म्हणाली. "चौकोनच दिसतायत."

"बरं, राहू दे मग," कालिना म्हणाली, आणि तिचे खांदे सैल पडले.

पुढच्याच मिनीबसने आजोबा इटलीला गेले आणि लेकीला घेऊन आले. म्हातारीचं करता करता स्वतःचं दुखणं तिने कुणालाच कळू दिलं नव्हतं. घरी कळलं तर पोर शाळा सोडून येईल, बाप हाय खाईल, ही तिची भीती. डॉक्टरांनी कागद बघितले आणि म्हणाले, इकडच्या देखरेखीखाली शरदात आली असती, तर अजून काही करता आलं असतं. आजोबा तेव्हापासून फार कमी बोलतात. नदीकाठी करकोचे आले तेव्हा नेवेनाने आईचा हात धरून तिला अंगणात नेलं आणि दोघींनी आपापले धागे पांढऱ्याशुभ्र बहरलेल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधले. आलुबुखार पिकायच्या आधी कालिना गेली. आपल्या घरात गेली, एवढंच काय ते समाधान.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याची धूळ झाडा, त्याला मोकळा श्वास घेऊ द्या, नको ते ओझं काढून टाका. पण 'चालतंय तोवर चालू दे' असं मात्र म्हणू नका. मला तसं म्हणाले आणि एक हिवाळा वाया गेला. आणि तुमचं माणूस लांबून 'मी बरी आहे, राहू दे' म्हणालं, तर यंत्राच्या भरवशावर बसू नका. उठून जा.

एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो आणि नाव छापलेला कागद फाटकावर, बसथांब्यावर, अक्रोडाच्या झाडावर लावतात. आजोबा शहरातल्या दुकानातून करून आणणार होते. नेवेना म्हणाली, मी करते. ती माझ्यासमोर बसली आणि तिने फोटो उघडले. पूर्वी मी एकेक फोटो तुकड्यातुकड्याने दाखवला असता. आता सगळी कालिना एकदम समोर आली. शाळेचा ॲप्रन घातलेली, आलुबुखार वेचणारी, लहान नेवेनाला कडेवर घेतलेली. नेवेनाने नाव लिहिलं, एक फोटो निवडून बटण दाबलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मी तो काळ्या चौकटीत बसवून, खाली नाव घालून कागद तयार ठेवला.

तिने हात मागे घेतला. "जरा हळू," ती मला म्हणाली. "एवढी कसली घाई?"

आयुष्यभर मला सगळे लवकर कर, लवकर कर म्हणत आले. हळू म्हणणारी ती एकटीच, आणि तेवढं मात्र मला जमलं नाही.