शेवटच्या घरचा नमुना

आमच्या वसाहतीत तीनशे बारा नळ आहेत आणि त्या सगळ्यांना मी माझे नळ म्हणतो. बायकोला हे पटत नाही. लोकांच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंना आपल्या म्हणू नये, असं तिचं म्हणणं. पण टेकडीवरच्या टाकीची चावी मी फिरवतो, पाण्यात औषध मी घालतो आणि पाणी आलं नाही तर शिव्याही मीच खातो. शिव्या ज्याला, नळ त्याचे.

औषध म्हणजे क्लोरीन. पिंपात पावडर कालवायची आणि बारीक नळीतून ते टाकीत ठिबकत ठेवायचं. कमी पडलं तर लोक आजारी पडतात, जास्त झालं तर पाण्याला दवाखान्याच्या फरशीचा वास येतो. बरोबर पडलंय की नाही, हे टाकीपाशी कळत नाही. त्यासाठी पाइपलाइनीवरच्या सगळ्यात शेवटच्या घरी जायचं, तिथलं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात तपासणीच्या द्रावणाचे पाच थेंब टाकायचे आणि रंग कार्डावरच्या रंगाशी ताडून बघायचा. फिका पिवळा आला तर दिवस चांगला. रंगच आला नाही, तर समजायचं की वाटेत कुठेतरी पाइपला चीर पडली आहे, त्यातून घाण आत येते आहे आणि तिच्याशी लढता लढता क्लोरीन संपून गेलं आहे. हे मी लोकांना, त्यांनी विचारलं नसलं तरी, समजावून सांगतो. म्हणून हल्ली मला कोणी फारसं चहाला बोलवत नाही.

शेवटचं घर माझ्या सासूबाईंचं. हे मी ठरवलेलं नाही, पाइपने ठरवलं. उलट नमुना घ्यायला रोज त्या घरी जात होतो, रोज एक मुलगी दार उघडत होती, असं करता करताच माझं लग्न झालं. त्याला अकरा वर्षं झाली. सासूबाई प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, तरी त्यांच्यासमोर मी अजून खिशातून हात बाहेर काढून उभा राहतो. जावयाचा मान मात्र त्यांनी कधी चुकवला नाही. मी गेलो की हाताची खुर्ची मला, पंखा माझ्याकडे, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मला पाऊल टाकू द्यायचं नाही. जावई माणूस ओट्यापाशी दिसला तर जणू छत कोसळणार. माझ्या पाण्याबद्दल बारा वर्षांत त्यांनी चांगला शब्द काढला नाही, वाईटही काढला नाही. मला हे फार लागायचं. गप्प बसणारा मास्तर मारणाऱ्यापेक्षा वाईट.

नमुना मी त्यांच्या अंगणातल्या नळावरून घ्यायचो. गेल्या महिन्यात त्या नळाची तोटी तुटली. तीनशे अकरा नळ मी तासाभरात दुरुस्त करून देतो, पण घरचा म्हटल्यावर आज करू, उद्या करू. शेवटी एका सकाळी दारातूनच म्हणालो, "आई, ग्लासभर पाणी द्या. तपासणीला हवंय."

"कुणाची तपासणी?" त्यांनी विचारलं.

"पाण्याची. म्हणजे माझीच म्हणा. वीस तारखेला वरच्या ऑफिसातून अधिकारी येतायत."

खरं तेच होतं. बारा वर्षं मी हंगामी होतो. पाणी समितीचे सेक्रेटरी मला पाण्यात बघत, कारण त्यांचा एक मेहुणा तीन वर्षं रिकामा बसला होता. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, तपासणीत पाणी पास झालं तर कायम करू. नापास झालं तर त्याच दिवशी चाव्या मेहुण्याकडे. मेहुण्याला पावडर आणि पीठ यांतला फरक कळत नव्हता. तीनशे बारा घरांचं पाणी त्याच्या हाती जाणार, या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सासूबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, "उद्या या," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी ताटलीत ठेवून, वर झाकण घालून ग्लास आणला. मी पाच थेंब टाकले. रंग आला नाही. पुन्हा टाकले. पाणी हिऱ्यासारखं स्वच्छ, रंग काही नाही.

शेवटच्या घरी क्लोरीन शून्य, म्हणजे पाइप फुटलाय आणि लहान लहान पोरं गटार पितायत. मी धावत टेकडीवर गेलो आणि औषध सव्वापट केलं. दुसऱ्या दिवशी शून्य. दीडपट केलं. शून्य. दुप्पट केलं, तरी शून्य. आकडा चौकातल्या फळ्यावर खडूने लिहायचा नियम आहे, तो मी इमानाने पाळला. लोक नाकाला रुमाल लावून फळ्यापाशी यायचे, शून्य वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे.

सगळ्यात आधी बेकरीवाला आला. त्याचे पाव फुगेनासे झाले होते. एक चपटा पाव त्याने माझ्या टेबलावर आपटला, तो खण्ण वाजला. "यीस्ट मरतंय तुझ्या पाण्यात," तो म्हणाला. मी म्हणालो, "मरू दे. माणसं जगली पाहिजेत." मग लॉन्ड्रीवाला आला. टपाल खात्याचे चौदा खाकी शर्ट त्याने धुतले होते, ते आता दूधवाल्यांचे वाटत होते. सलूनमध्ये दाढी करून घेणारा प्रत्येक जण डोळे पुसत बाहेर पडायचा. तिथे काय बोलणं झालं असेल म्हणून लोक हळहळायचे. एकेक करून सगळी वसाहत रोपवाटिकेच्या विहिरीवरून कॅन भरून आणू लागली. माझे नळ नुसते भिंतीला चिकटून राहिले.

मी चिडलो. मी चिडलो की खणतो. बँकेसमोर एक खड्डा, ग्रंथालयाच्या फाटकात एक आणि सेक्रेटरींच्या घरासमोर, त्यांची गाडी निघणार नाही असा, एक. तिन्ही ठिकाणी पाइप अगदी ठणठणीत. तिसरा खड्डा जरा मोठा झाला हे मी कबूल करतो.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी रात्री जेवताना बायकोला म्हणालो.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "आईकडचा तुटका नळ आधी बसवा. मग रस्ते खणा."

"वरून पाणी घाण येतंय. तोटीचा काय संबंध?"

तिने विहिरीच्या पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. माझ्याच घरात कॅनचं पाणी.

वीस तारीख उजाडली तेव्हा औषध चौपट होतं आणि फळ्यावर शून्य होतं. अधिकारी म्हणून एक चाळिशीच्या बाई आल्या, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्यावर पेटी. चौकात उतरताच त्या तीनदा शिंकल्या. सेक्रेटरी मेहुण्याला बरोबर घेऊनच आले होते. मेहुण्याने नवीन शर्ट घातला होता. तो सकाळीच लॉन्ड्रीतून आणल्यामुळे अर्धा पांढरा पडला होता.

"शून्य?" फळा बघून बाई म्हणाल्या. "इथे उभं राहून माझे डोळे चुरचुरतायत. शेवटचं घर दाखवा."

आम्ही चौघे सासूबाईंच्या दारात. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि आतून ताटलीत झाकलेला ग्लास आणला. बाईंनी तो हातात घेतला, उजेडात धरला, हुंगला, एक घोट घेतला आणि सासूबाईंकडे बघत राहिल्या.

"आजी, हे नळाचं आहे?"

"नळाचंच," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता.

बाई उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. त्या कुणाच्या जावई नव्हत्या. पाठोपाठ सेक्रेटरी, मेहुणा आणि उंबऱ्याशी अडखळून शेवटी मी.

ओट्यावर सगळं एका ओळीत मांडलेलं होतं. नळाला चौपदरी फडकं बांधलेलं. त्याखाली गाळणी, गाळणीखाली पातेलं. दुसरं पातेलं शेगडीवर उकळत होतं. शेजारी कालचं उकळलेलं पाणी फिल्टरमध्ये आणि परवाचं मातीच्या माठात गार होत ठेवलेलं. माठावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती, "जावईबापूंची तपासणी. हात लावू नये."

मी भिंतीला टेकलो. गाळलेलं, उकळलेलं, दोन दिवस निवलेलं पाणी. त्यात क्लोरीन राहीलच कसं? इतके दिवस मी त्या माठाशी लढत होतो.

"आई, हे काय केलंत तुम्ही?" माझ्या तोंडून निघालं.

"काय केलं म्हणजे?" त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. आम्ही सगळेच जरा सरळ उभे राहिलो. "तीस वर्षं शाळा चालवली मी. इन्स्पेक्टर यायचे तेव्हा हुशार मुलं पहिल्या बाकावर बसवायचो. शेंबडी पोरं पुढे करतं का कुणी? यांची नोकरी होती त्या ग्लासात. मिळेल तेवढं चांगलं पाणी दिलं मी."

बाईंनी फडकं सोडलं, नळ थेट उघडला, पाणी नळीत घेतलं आणि थेंब टाकले. रंग पिवळ्यावर थांबलाच नाही. संत्र्याच्या रसासारखा झाला.

"बघा," सेक्रेटरी म्हणाले आणि हात पुढे केला. चाव्यांसाठी.

"याने मरणार कुणी नाही," बाई म्हणाल्या, "पण पिणारही कुणी नाही." त्यांनी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. माझी बारा वर्षं त्या टोपणात होती. शून्य या माठामुळे आलं आणि त्या शून्यापायी मी औषध चौपट केलं, असं सांगून मी वाचलो असतो, पण सासूने जावयाला बुडवलं असं सरकारी वहीत लिहिलेलं मला चाललं नसतं. मी कमरेच्या चाव्या सोडायला लागलो.

"एक विचारते आजी," बाई लिहिता लिहिता थांबल्या. "सगळी वसाहत विहिरीवरून पाणी आणते म्हणे. तुम्ही काय पिता? हे माठातलं?"

"ते कसं पिईन? ते यांचं आहे."

"मग?"

"नळाचं. थेट. बारा वर्षं तेच पितेय."

"हे? या दिवसांतही?" बाईंनी ती केशरी नळी वर धरली.

"हो." सासूबाई खोकल्या. खूप वेळ खोकल्या. "जरा घसा धरतो. पहिल्या दोन घोटांना नाक दाबावं लागतं. पण घरचा माणूस एवढ्या टेकडीवर जाऊन पाणी पाठवतो, त्याला नावं ठेवून कॅन कुठे आणायचा?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोलीत क्लोरीन फार होतं, हे मी आधीच सांगितलं आहे.

बाईंनी वहीत बराच वेळ लिहिलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं. नमुना चुकीच्या पद्धतीने घेतल्यामुळे मागची सगळी नोंद रद्द. चार दिवसांनी फेरतपासणी. तोवर चाव्या आहे त्याच माणसाकडे. यापुढे नमुना त्याने स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या नळावरून घ्यावा.

"स्वयंपाकघरातल्या?" सासूबाई म्हणाल्या. एवढ्या गोंधळात त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

"नियम आहे," बाई म्हणाल्या.

"नियम असेल तर येऊ द्यावं लागेल," सासूबाई म्हणाल्या. नियमाबाहेर त्या कधी गेल्या नाहीत.

त्याच दुपारी मी टाकी धुऊन काढली, पाइपमधलं जुनं पाणी वाहून जाऊ दिलं, औषध पहिल्यासारखं केलं आणि बँकेसमोरचा आणि ग्रंथालयाचा खड्डा बुजवला. तिसऱ्याला वेळ मिळाला नाही.

चौथ्या दिवशी बाई आल्या. आम्ही दोघं सासूबाईंच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे राहिलो. सासूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, मी ओट्याला कोपर लावतोय की काय याच्याकडे त्यांचं लक्ष. मी नळ उघडला. थोडं पाणी जाऊ दिलं, मग नळी भरली आणि पाच थेंब टाकले. दोघांनी मिळून ती खिडकीपाशी धरली.

फिका पिवळा. कार्डावरच्या रंगाशी तंतोतंत.

बाईंनी सही केली, कागद माझ्या हातात दिला आणि पुढच्या वसाहतीची गाडी पकडायची म्हणून निघूनही गेल्या. मी तो कागद हातात धरून तसाच ओट्यापाशी उभा राहिलो. सासूबाई आत आल्या, माझ्या शेजारी.

"झालं पास?"

"झालं, आई."

त्यांनी फडताळातून रोजचा पेला काढला, एका बाजूला पोचा आलेला, आणि माझ्यापुढे धरला.

"मग भरून दे मला," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे धड पाणी प्यायले नाही रे."