जोडीचं अंडं

कवळीवाल्याची बायको त्याला आरंभशूर म्हणायची, आणि ती काही कौतुकानं म्हणत नव्हती. त्यानं हौसेनं बासरी आणली, ती आता खिडकीचं दार आपटू नये म्हणून चौकटीत अडकवलेली असते. पोहायला गेला, पाणी गार आहे म्हणून परत आला. परकी भाषा शिकायला घेतली, 'माझं नाव अमुक आहे' इथपर्यंत पोचला, आणि पुढे सांगण्यासारखं काही सुचेना म्हणून पुस्तक मिटलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याचे तेवढेही भरायचे नाहीत. कामात मात्र गडी असा नव्हता. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, चावा जुळतो का ते बघायचं. आजवर एकही कवळी त्यानं अर्धी टाकली नव्हती. दात कोरून पोट भरत नाही असं लोक म्हणतात, पण याचं आयुष्यभर त्यावरच भरलं.

मग बायकोला लकवा झाला आणि तिचा उजवा हात गेला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं, "रोज सकाळ-संध्याकाळ बोटं हलवून घ्या. बरेच दिवस फरक दिसणार नाही. तरी थांबू नका." कवळीवाल्यानं कामावरचं गुलाबी मेण घरी आणलं, कोमट पाण्यात मऊ केलं, त्याचा गोळा वळून तिच्या मुठीत दिला. सुरुवातीला 'दाब, अजून थोडं दाब' असा नुसता गजर चालायचा. पण गोळ्यावर बोटं काही उमटेनात. आधी संध्याकाळचा व्यायाम सुटला, मग सकाळचा, आणि एक दिवस तो गोळा कपाटावर जाऊन बसला. पुढे वर्षभरानं ती गेली ती हृदयविकारानं, हाताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

मुलीनं ते कानाआड केलं. "तुम्ही आईचा हात अर्धवट सोडलात," एवढंच ती म्हणाली. लहानपणापासून बापाला अरेतुरे करणारी, 'ए बाबा' म्हणून गळ्यात पडणारी पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाली, बॅग भरली आणि दुसऱ्या शहरात नोकरीला निघून गेली. त्यानंतर ती त्याचा फोन उचलेना. निरोप वाचायची, उत्तर द्यायची नाही. कवळीवाल्याला जगाकडून आता एकच गोष्ट हवी होती. तिनं आपणहून एक फोन करावा, मग वाटेल तेवढं भांडावं.

शेवटी मेहुणीला दया आली. "भाऊजी, माझ्याशीसुद्धा ती कामापुरतंच बोलते," ती म्हणाली. "पण मोबाइलवरच्या एका खेळात असते बघा, रोज. मीच लावलं तिला ते वेड. तिथं तिचं नाव चिमटा आहे."

चिमटा हे नाव त्याचंच. पोर लहानपणी चिडली की रडायची नाही, चिमटे काढायची. ते नाव तिनं अजून टाकलेलं नाही हे ऐकून त्याला भरून आलं, आणि मेहुणीसमोर नको म्हणून तो उगाचच चष्मा पुसत बसला.

त्यानं खेळ मोबाइलवर घेतला. नाव-गाव द्यायचं नसेल तर 'पाहुणा म्हणून खेळा' असं तिथं लिहिलं होतं, त्यावर बोट ठेवलं. खेळ म्हणजे काय, तर आपलं एक बेट. रोज कामं करून मोती जमवायचे, ते देऊन पेटी उघडायची, आणि नशिबात असेल तो प्राणी पेटीतून निघायचा. लोकांना पंखांचा घोडा निघे, निळा वाघ निघे. याला गोगलगाय निघाली. दुसऱ्या पेटीत छत्रीवाली गोगलगाय, तिसरीत टोपीवाली. पहिले पाढे पंचावन्न! एकट्यासाठी असता तर त्यानं हा खेळ त्याच संध्याकाळी काढून टाकला असता.

पण त्यानं चिमट्याला मैत्रीचा निरोप धाडला होता, आणि तिनं तो स्वीकारला. वर लगेच विचारलं, 'जोडीचं अंडं उबवतोस का माझ्याबरोबर? सगळे मध्येच पळून जातात.'

हे अंडं दोघांनी मिळून सांभाळायचं असतं. दोघांनीही रोज एकदा त्यावर बोट धरून ऊब द्यायची. किती दिवस, ते खेळ सांगत नाही. एकानं एक दिवस जरी चुकवला, तर त्याचा दगड होतो. कवळीवाल्यानं हो म्हणून कळवलं, आणि पोर घरात असताना रोज सांगायचा तेच सवयीनं पुढे लिहून गेला, 'दात घासून झोप.'

निरोप गेल्यावर त्यानं जीभ चावली. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग आलं, 'घासते. तू पण घास.' त्याचा जीव भांड्यात पडला. ओळखलं असतं तर तू कशाला म्हणाली असती?

मग रोज चहाच्या सुट्टीत तो अंडं उबवू लागला. बोटांना प्लास्टर लागलेलं असलं की पडद्याला स्पर्श कळायचा नाही, म्हणून आधी बोट स्वच्छ पुसायचं, मग धरायचं. शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या बाई म्हणाल्या, "काय हो, या वयात खुडूक बसलात?" तोही हसला. अंड्यावर केसाएवढी एक चीर आली होती. चिमटा अधूनमधून काहीबाही लिहायची. 'आज ऑफिसात डोकं फार दुखलं.' 'तुझ्या गोगलगायी मला आवडतात, बिचाऱ्या हळूहळू का होईना, चालतात.' तो बेतानं, दोन शब्दांत उत्तर द्यायचा. नकळत काही बोलून जाऊ आणि ओळखले जाऊ याची त्याला धास्ती होती.

एक दिवस तिनं लिहिलं, 'तुझ्याशी बोलून बरं वाटतं.'

तो आधी सुखावला. मग ते वाक्य मनात घोळत गेलं आणि घोळता घोळता आंबलं. कुठल्या कोण पाहुण्याशी एवढं गोड बोलते, आणि सख्ख्या बापाशी अबोला! आपण मेलो काय, जगलो काय, तिला पाहुणा पुरे आहे. तो स्वतःच्याच नावावर जळत होता, आणि हे त्याला कळतही होतं, पण कळून जळणं थांबत नाही. त्यातच त्या दिवशी एक कवळी परत आली, आजोबांना म्हणे ती टोचत होती. डॉक्टरांचा फोनवर आवाज चढलेला. सुट्टीत मोबाइल उघडला तर अंड्यावरची चीर होती तेवढीच. पेटी उघडली, गोगलगाय. हे असं किती दिवस चालायचं, आणि कशासाठी? त्यानं हात टेकले. खेळ काढून टाकताना मोबाइलनं विचारलं, 'पाहुण्याचा खेळ पुन्हा मिळणार नाही. काढायचा?' त्यानं हो म्हटलं. खोटं कशाला सांगा, त्या संध्याकाळी त्याला मोकळं मोकळं वाटलं. कसलंही काम अर्धं टाकलं की त्याला नेहमी असंच वाटायचं.

तिसऱ्या दिवशी मेहुणीचा फोन आला.

"भाऊजी, काय केलंत हे? खेळ काढून टाकलात?"

"अगं, पोरखेळ तो. माझ्याच्यानं नाही होत. आणि तिला काय फरक पडतो? कोणीतरी पाहुणा होता, गेला."

"पाहुणा?" मेहुणी म्हणाली. "भाऊजी, तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अनोळखी माणसाला दात घासून झोप असं कोण सांगतं हो?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला तिनं शपथ घातली होती, बाबाला सांगायचं नाही म्हणून. म्हणाली, मावशी, हे अंडं फुटेपर्यंत बाबा टिकला ना, तर मी स्वतः फोन करणार. मोबाइल घेऊन मांजरीसारखी बसायची त्या अंड्याशी. काल सकाळी मला फोन केला. रडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, दगड झाला गं."

फोन ठेवल्यावर त्यानं तिचे निरोप एकेक करून आठवले. 'तू पण घास.' ते तिनं त्यालाच म्हटलं होतं. डोकं दुखतं ते त्यालाच सांगितलं होतं. तुझ्याशी बोलून बरं वाटतं, हेही त्यालाच. पोरीनं दार किलकिलं करून ठेवलं होतं, आणि पलीकडे कोणी परका आहे या संशयानं त्यानं ते बाहेरून ओढून घेतलं.

त्यानं धडपडत खेळ पुन्हा घेतला. पाहुणा म्हणून खेळा. बेट कोरं करकरीत, आधीचं काही नाही. पहिली पेटी फुकट होती, त्यातून गोगलगाय निघाली. त्यानं नाव शोधून चिमट्याचं बेट उघडलं. झोपडीच्या दाराशी एक राखाडी दगड होता. त्यावर ती केसाएवढी चीर अजून दिसत होती, आणि तिला आणखी दोन फाटे फुटले होते. म्हणजे त्यानं सोडलं त्याच दिवशी, त्याच्या नंतर, तिनं ऊब दिली होती.

बोट पुसून त्यानं लिहिलं, 'मी आहे. बाबा. चुकलो. नवीन अंडं घेऊ. या वेळी सोडणार नाही.'

तो तसाच बसून राहिला. समोरचा चहा निवला, त्यावर साय धरली. मग उत्तर आलं. त्यात राग नव्हता. रागाची त्यानं तयारी केली होती, रागाशी त्याला भांडता आलं असतं.

'नको बाबा. तुम्ही दमाल.'

'नाही दमणार,' असं त्यानं लिहिलं. पाठवायच्या आधी एकदा वाचून बघितलं. त्याचा त्यालाच विश्वास बसेना. त्यानं ते पुसून टाकलं.