थोराचा हात

"टाय सरळ कर. निरोपाच्या दिवशी तरी बिशपसारखा दिस," थोरा म्हणाली.

"शेणाचा वास येतोय का गं?"

"येतोय. पण सगळ्यांनाच येतो. तुझ्या एकट्याचा कळायचा नाही."

ऑर्व्हिल जेन्सन हसला. पहाटे गाई पिळायच्या, दिवसभर बिटाच्या रानात राबायचं आणि उरलेल्या वेळात गावच्या वॉर्डाचं, म्हणजे चर्चच्या मंडळीचं, बिशपपण करायचं, तेही बिनपगारी. वीस वर्षं त्याने हा गाडा ओढला होता. दर रविवारी तो वर व्यासपीठावर आणि थोरा खाली बाकावर, पाच पोरांना एकटीने सांभाळत. आज तो मोकळा होणार होता आणि थोरा खुशीत होती. तो मात्र टायची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होता. नवा बिशप कोण, ते त्याला ठाऊक होतं. नाव त्यानेच सुचवलं होतं, आणि नेमाप्रमाणे ते बायकोलाही सांगायचं नव्हतं.

सभेत, आसपासच्या सगळ्या वॉर्डांवर देखरेख करणाऱ्या प्रेसिडेंटनी आधी ऑर्व्हिलचे आभार मानले. मग म्हणाले, "नवे बिशप म्हणून ब्रदर लमार ओल्सन यांचं नाव मांडतो. ब्रदर, उभे राहा."

थोराचा चेहरा दगडासारखा झाला.

लमार म्हणजे त्यांचा बांधाला बांध शेजारी. एका दुष्काळी उन्हाळ्यात पाटाच्या पाण्याची पाळी जेन्सनांची होती. ऑर्व्हिल एका अंत्यविधीला गेला होता, थोरा तिथेच रांधायला. तेवढ्यात लमारने पाटाची फळी काढून पाणी स्वतःच्या बिटाला वळवलं. थोराने बादल्या वाहून वाढवलेली पीचची झाडं पहिल्याच बहाराला करपली. पुढे लमार रडत बिशपपुढे आला, ऑर्व्हिलने त्याला पोटाशी धरलं आणि माफ करून टाकलं. त्या रात्री थोरा एवढंच म्हणाली होती, "झाडं माझी, माफी तुझी. छान वाटणी केलीस हो!" त्यावर पुन्हा तिने चकार शब्द काढला नाही. ऑर्व्हिल भला माणूस, त्याला वाटलं, विसरली.

"पाठिंबा असणाऱ्यांनी उजवा हात वर करावा."

हातच हात वर झाले. थोराचे दोन्ही हात मांडीवर होते.

"कुणाचा विरोध?"

हे आपलं विचारायचं म्हणून विचारतात. उत्तर कुणी देत नाही. प्रेसिडेंट पुढचा कागद उलटत होते, तेवढ्यात थोराचा उजवा हात वर गेला. माना वळल्या.

प्रेसिडेंट चाचरले. "सिस्टर जेन्सन, आपण... सभेनंतर बोलू या."

"बोलू या की," थोरा म्हणाली.

लमार वर जायला निघाला, पण तिच्या बाकापाशी त्याचे पाय थांबले. त्याने मान खाली घातली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "थोरा, फळी मीच काढली होती. जाणूनबुजून."

"ठाऊक आहे. मला सांगायला एवढी वर्षं लागली होय रे तुला?" तिने व्यासपीठाकडे बोट केलं. "जा आता वर. लोक खोळंबलेत."

ऑर्व्हिल खाली उतरला. बायकोच्या शेजारी बसताना त्याला पाहुण्यासारखं अवघडायला झालं.

"हे काय केलंस गं?" तो कुजबुजला.

"त्यांनी विचारलं, म्हणून सांगितलं," ती समोर बघत म्हणाली. "आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. गावातल्या घराघरांतली भांडणं त्याने मिटवली होती, पण या बाईला एक प्रश्न विचारायला त्याला सवड झाली नव्हती.

"चुकलो मी, थोरा. माफ करायचं की नाही, ते तू ठरवायचं होतंस."

ऑर्गन सुरू झाला. तिने गाण्याचं पुस्तक उघडून दोघांच्या मधोमध धरलं. ऑर्व्हिलने समोर पाहिलं. वर त्याच्या जुन्या खुर्चीत आता लमार बसला होता, आणि या बाकावरून ती खुर्ची फार लांब दिसत होती.