फ्लुरीचा रिकामा पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पिंजरा आहे, आणि सध्या माझ्यात कोणी राहत नाही. ग्रीसमधल्या व्होलोस शहरातल्या एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मी टांगलेला असतो. समुद्राकडून वारा आला की माझे दार उघडते आणि पुन्हा मिटते. आत दाण्याची वाटी आहे, बसायची दांडी आहे. नाही तो फक्त पक्षी.

माझा जन्म बंदरावरच्या होड्यांच्या कारखान्यात झाला. प्रोद्रोमोस आजोबा तिथे सुतार होते. त्यांची एकुलती एक मुलगी आसिमिना लग्न होऊन लारिसा शहरात गेली, तेव्हा त्यांच्या बायकोला, फोतिनी आजीला, घर खायला उठले. आजोबांनी होडीच्या उरलेल्या लाकडाचे तुकडे गोळा केले, एकेक गज हाताने तासला, आणि मला आणून आजीच्या मांडीवर ठेवले. "घे. आता तुझ्याशी भांडायला कुणीतरी आणू," ते म्हणाले. आजी त्या दिवशी खूप हसली. येणारे-जाणारे माझ्या गजांवरून बोट फिरवत आणि आजोबांच्या हाताची वाहवा करत. तेव्हा माझी लाकडे कशी चमकत!

माझ्यात कितीतरी कॅनरी पक्षी राहून गेले. शेवटचा फ्लुरी. त्याच्या आईने त्याला घरट्याबाहेर टाकले होते. आजीने काडीच्या टोकावर अंड्याचा बलक घेऊन त्याला भरवला आणि जगवला. फ्लुरी म्हणजे सोन्याचे नाणे; तसाच पिवळा, म्हणून हे नाव. त्याला कंठ फुटला आणि त्याच हिवाळ्यात आजी गेली.

त्यानंतर आजोबांचे बोलणे आटले. सकाळी माझ्यावरचे कापड काढताना ते फ्लुरीला म्हणत, "काय रे चोरा, झाली का झोप?" पुष्कळदा दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेले तेवढेच वाक्य असे.

समोरच्या घरात पोलिक्सेनी आजी राहत. गल्ली इतकी अरुंद, की त्यांच्या स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही मला ऐकू येई. पण या दोन घरांत बोलणे नव्हते. एकदा त्यांनी गॅलरीत सतरंजी झटकली आणि सगळी धूळ वाऱ्याने माझ्यावर आली. आजोबा खवळले. "ओ बाई! इथं जीव टांगलाय, दिसत नाही का?"

"आणि तुमचा जीव भर दुपारी किंचाळतो त्याचं काय? डोळ्याला डोळा लागू देत नाही मेला!"

तेव्हापासून दोघेही गॅलरीत आले की तोंड फिरवून उभे राहत.

मग एकदा आजोबा न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाड मोडले नाही, पण आसिमिना घाबरून धावत आली. जुना टब काढायचा, फरशी बदलायची, दारांचा पोपडे आलेला रंग खरवडून नवा द्यायचा, असे तिने ठरवून टाकले.

"काम होईपर्यंत माझ्याकडे चला, बाबा."

"तुझ्याकडे मांजर आहे."

"मग फ्लुरीला कुणाकडे तरी ठेवा ना थोडे दिवस."

"कुणाकडे?" आजोबांनी विचारले.

मित्रांनो, त्या एका प्रश्नाने त्या घराचा सगळा एकटेपणा मला कळला. आजोबांचे कारखान्यातले सोबती एकेक करून गेले होते. ज्याच्या दारात पिंजरा घेऊन उभे राहावे, असे एकही दार त्यांना आठवेना.

शेवटी आजोबा घरीच राहिले, आणि मी व फ्लुरीही. मागच्या खोलीत कपाटावर मला ठेवले. कामाचा मुकादम थ्रासोस माणूस दिलदार होता. "काळजी करू नका, आजोबा," तो म्हणाला. "वरून चादर टाका की झालं. माझ्या सासऱ्याकडं कोंबड्या होत्या, त्यांच्या डोक्यावर आम्ही छप्पर बदललं. एक मेली नाही!"

"कोंबडी आणि हा सारखा का?"

"पंख दोघांनाही असतातच की!"

फरशीवर पहिला हातोडा पडला तेव्हा फ्लुरी इतका दचकला की माझ्या गजांवर आपटला. नंतर धूळ आली. बंद दाराखालून आली, चादरीच्या विणीतून आली. आजोबा रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने माझा एकेक गज पुसत. फडके पांढरे होई. ते दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबत, खिडकी उघडत, मग थंडी लागेल म्हणून पुन्हा लावत. फ्लुरीने गाणे थांबवले. "बिचकलाय," आजोबा स्वतःशीच म्हणत. "काम संपलं की गाईल."

मग दारांची पाळी आली. थ्रासोसच्या माणसांनी गरम हवेच्या यंत्राने जुना रंग वितळवायला सुरुवात केली. घरभर कडू, घशाला झोंबणारा वास पसरला. माझे लाकूड तो वास पिऊ लागले. मला तो नकोसा होता, पण लाकडाला नाक दाबता येत नाही.

त्या दुपारी दारावर थाप पडली. आजोबांनी दार उघडले, तर समोर पोलिक्सेनी आजी. अंगावर एप्रन, हाताला पीठ.

"तुमचा पक्षी गप्प का आहे?" त्यांनी विचारले.

"का? तुमची झोप होतेय ना आता?"

"कसली झोप! तो ओरडायला लागला की मी त्याला शिव्या द्यायची आणि शिव्या देता देता झोपायची. आता नुसती छताकडं बघत पडते. कुठं आहे तो?"

"दमलाय."

आजींनी त्यांना बाजूला सारले, सरळ मागच्या खोलीत आल्या आणि माझ्यावरची चादर ओढली. फ्लुरी दांडीवर नव्हता. माझ्या तळाशी, पिसे फुलवून, चोच उघडी टाकून बसला होता. प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी वरखाली होत होती.

"हा दमलेला नाही, बाबा," आजी हळूच म्हणाल्या. "हा चाललाय. कोट घाला. घाला म्हणते ना!"

पिठाच्या हातांनीच त्यांनी मला उचलले. रस्ताभर आजोबा गजांत बोट घालून चालत होते. "फोतिनीनं भरवलंय त्याला," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. "काडीनं भरवलंय हो." आजींनी मला छातीशी अधिकच घट्ट धरले.

जनावरांची डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिने फ्लुरीला तळहातावर घेऊन प्राणवायूच्या पेटीत ठेवले. "आपल्याला नुसता वास येतो, आजोबा," ती म्हणाली. "या पाखरांचा त्यानं जीव जातो. इवलंसं शरीर, आणि त्यात सगळीकडं हवा खेळते. तो जगला तर रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत त्या घरात न्यायचा नाही." मग तिने वाकून माझा वास घेतला. "आणि या पिंजऱ्यातही नाही. फटीफटीत धूळ मुरलीय."

"हा मी माझ्या हातानं केलाय," आजोबा म्हणाले.

"छान केलाय. पण त्याच्यासाठी आता नको."

ती चुकीचे बोलली नाही, मित्रांनो. तरी मी घरी रिकामा परतलो तेव्हा माझे वजन मलाच परके वाटले.

फ्लुरी जगला. पोलिक्सेनी आजींनी त्याच्यासाठी तारेचा नवा पिंजरा आणला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. किती तरी दिवस तिकडून काहीच ऐकू येत नव्हते. मग एका दुपारी, उंबरठ्यावर पाऊल ठेवताना कचरावे तसा एक सूर आला. त्याच्यामागून दुसरा. आजोबा जेवण तसेच टाकून गॅलरीत आले आणि कठडा धरून उभे राहिले.

"ऐकलंत का?" समोरून आजी ओरडल्या. "मेल्यानं झोपमोड केली! या, कॉफी ठेवते!"

काम संपले. न्हाणीघर सुंदर झाले, भिंतीला धरायला दांडा बसला. उन्हाळा लागला, रंगाचा वास विरला. एका दुपारी आजी खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "घेऊन जा हो आता तुमचा फ्लुरी." म्हणता म्हणता त्यांनी फ्लुरीची भरलेली वाटी पुन्हा भरली.

आजोबा त्यांच्या टेबलाशी बसले होते. समोर बशीत चमचाभर मुरांबा आणि गार पाणी.

"इथं गळा मोकळा झालाय त्याचा," ते म्हणाले. "राहू दे. मी येत जाईन ऐकायला."

"रोज?"

"मुरांबा संपेपर्यंत तरी."

फोतिनी आजी गेल्यापासून मी आजोबांचे हसू ऐकले नव्हते. त्या दिवशी ते हसू गल्ली ओलांडून माझ्यापर्यंत आले.

आता आजोबा दुपारी तिकडे असतात. मी इथे. मला कोणी पुसत नाही, माझ्यावर कापड घालत नाही. फ्लुरीचा आवाज येतो, पण त्याच्या उडीने माझी दांडी हलत नाही. फार सुने वाटते, खोटे कशाला बोलू?

पण मित्रांनो, तुमच्या घरात हातोडा पडायच्या आधी, रंगाचा डबा उघडायच्या आधी, तुमच्या पाखराला दूर एखाद्या स्वच्छ हवेच्या घरी पोचवा. चादरीवर विसंबू नका, बंद दारावर विसंबू नका. कोणी ओळखीचे नसेल तर अबोला धरलेल्या शेजाऱ्याचे दार वाजवा. पाखरू गायचे थांबले तर काम संपायची वाट पाहू नका. आधी पक्षी न्या. आम्ही पिंजरे मागे राहिलो तरी चालेल.