दिवा पिवळा होता तोवर

मनकर्णा भिंतीला टेकून उभी होती. एक हात रेडिओच्या पिनेवर, नजर वरच्या दिव्यावर. दिवा पिवळा होता, म्हणजे अजून भीती नव्हती.

मागच्या साली रेडिओ जळाला, तेव्हा नगरच्या दुरुस्तीवाल्याने समजावून सांगितलं होतं. विहिरींवरच्या मोटारी चालू असतात तोवर वीज दबलेली असते. संध्याकाळी त्या बंद झाल्या की दाब एकदम उसळतो आणि रेडिओचे व्हॉल्व्ह जातात. दिवा पांढरा पडला की पिन ओढायची. तेव्हापासून या घरात रेडिओ एकाने ऐकायचा आणि दुसऱ्याने राखायचा, असा रिवाज पडला. राखण मनकर्णाकडे आणि ऐकणं तिच्या नवऱ्याकडे, गहिनीनाथकडे. वीज आली म्हणून नवरे थोडेच बदलतात.

आज मात्र दोघांनाही ऐकायचं होतं. त्यांची लेक रतन ग्रामसेविका झाली होती आणि साडेसहाला पुणे केंद्रावरून कोंबड्यांच्या रोगांवर दहा मिनिटं बोलणार होती. घरात पिढ्यान् पिढ्या कोंबडीचं पीस आलं नव्हतं, तरी गहिनीनाथने ही बातमी सोनईच्या बाजारापर्यंत पोचवली होती. सांगायचं टाळलं ते एकालाच, शेजारच्या आबासाहेबांना. बांधावरच्या बाभळीवरून त्यांचं चार वर्षं बोलणं बंद होतं.

पावसाने दगा दिलेलं साल. गहिनीनाथच्या विहिरीत गाळच उरला होता आणि बाकीच्यांना तासाभराचं पाणी. सहालाच मोटारी थांबू लागल्या.

"सहादेवची मोटार बी थांबली," गहिनीनाथ दारातून म्हणाला. दिवा जरा उजळला.

"मग आबासाहेबांची तेवढी राह्यली. धा मिंटं चालू ठिवा म्हनावं त्यास्नी."

"मी न्हाई जानार."

"माज्या लेकीचा आवाज हाय त्यो. एकदाच यायचाय."

गहिनीनाथ जागचा हलला नाही.

साडेसहाला रतनचं नाव आलं आणि मागोमाग तिचा आवाज, ओळखीचा, पण जरा शहाणा झालेला. मनकर्णाने दिव्यावरची नजर काढली नाही, त्यामुळे डोळे पुसायचेही राहून गेले. इतका आनंद तिला रतनच्या लग्नातही झाला नव्हता. लांबून आबासाहेबांच्या मोटारीची घरघर येत होती आणि दिवा शेवटपर्यंत पिवळाच राहिला.

भाषण संपल्यावर तिने पिन ओढली.

"त्यांच्या हिरीला येवढं पानी कुठनं आलं वो?"

गहिनीनाथ बांध ओलांडून गेला. आबासाहेबांचं कांद्याचं रान कोरडं पडलेलं होतं. पाइप रानाकडून वळवून विहिरीतच सोडला होता. वर आलेलं पाणी पुन्हा खाली पडत होतं. आबासाहेब मोटारीजवळ दगडावर बसले होते.

"झालं का पोरीचं?" त्यांनी विचारलं.

"झालं. तुमाला कुनी सांगितलं?"

"बायकांचं बोलनं कवा बंद हुतं?"

गहिनीनाथला स्वतःची लाज वाटली.

"घरला यायचं हुतं ऐकायला," तो म्हणाला.

"मग मोटार कुनी बघायची?" आबासाहेब उठले, मोटार बंद करून परत येऊन बसले. "काय काय बोलली?"

गहिनीनाथ त्यांच्या शेजारी टेकला आणि कोंबड्यांना मानमोडी कशी होते, ते पहिल्यापासून सांगू लागला.